द्राक्षांच्या सुगीची दवंडी

फ्रान्सच्या पूर्वभागीं बर्गंडी नांवाचा प्रांत आहे. त्यांतील बोन या लहानशा शहराभोंवतालच्या उतरणींवर शतकानुशतकें द्राक्षांचे मळे पिकत आले आहेत. या शहराची कीर्ति त्याच्या द्राक्षासवामुळें जगभर पसरली. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांस तेथील जुन्या दप्तरांत त्याहूनहि मोलाची एक वस्तु सांपडली. ती म्हणजे सुगीच्या तारखा.

जुन्या काळीं तेथें मळेवाल्यास आपल्या मर्जीप्रमाणें द्राक्षें खुडण्याची मुभा नसे. जाणत्या माणसांनीं मळ्यांतून फिरून घड पाहावे, नगरसभेनें दिवस ठरवावा आणि मग दवंडी पिटावी, असा रिवाज होता. त्यापूर्वीं खुडणारास दंड होई. चोरीस आळा बसावा, धर्मपीठाचा दशांश नीट वसूल व्हावा व कच्च्या फळाच्या आसवानें गांवाचें नांव बुडूं नये, हा त्यांतील हेतु. हवामानाची नोंद ठेवावी, हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

तथापि ती नोंद आपोआप होत गेली. वेल फुलावर आल्यापासून फळ पिकेपर्यंत सुमारें १०० दिवस लागतात. वसंत व ग्रीष्म उबदार असले म्हणजे सुगी लवकर येते. थंड व पावसाळी असले म्हणजे लांबते. शिवाय १३९५ सालीं ड्यूक फिलिप यानें गामे जातीचे वेल उपटून टाकण्याचा हुकूम काढून पिनो जातीचा पक्ष घेतला, व पुढें तिलाच त्या भागांत मान राहिला.

दिवस ठरविणें मात्र सोपें नव्हतें. घाई केली तर रस आंबट; वाट पाहिली तर सप्टेंबरच्या पावसानें घड कुजावयाचे. त्याआधीं वसंतांत हिंव पडून कोवळे कोंब करपत, जूनच्या पावसानें फुलें गळत आणि एखाद्या गारपिटीनें वर्षाची कमाई घटकेंत मातींत जाई.

१५४० सालच्या भयंकर अवर्षणांत मध्य युरोपांतील द्राक्षें नेहमींपेक्षां कितीतरी आधीं पिकलीं. उलट, एप्रिल १८१५ मध्यें सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या पुढील वर्षीं युरोपांत उन्हाळा असा पडलाच नाहीं. धान्य महागलें आणि ऑक्टोबर बराच उलटेपर्यंत बर्गंडींत खुडणी होऊं शकली नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत आल्फ्रेड आंगो यानें फ्रान्समधील अशा तारखा जमविल्या. विसाव्या शतकांत ल र्‍वा लादुरी या इतिहासकारानें त्यांतून हवामानाचा इतिहास उभा केला. युद्ध, रोगराई व मळेवाल्यांची बदलती आवड यांमुळेंहि तारीख पुढेंमागें होते. म्हणून विद्वान् ती पॅरिस येथील तापमानाच्या जुन्या नोंदींशीं ताडून पाहतात.

२०१९ सालीं बोन येथील १३५४ ते २०१८ पर्यंतच्या तारखा एकत्र प्रसिद्ध झाल्या. १९८७ पर्यंत सुगीचा सरासरी दिवस २८ सप्टेंबर होता. १९८८ पासून तो सुमारें १३ दिवस अलीकडे आला आहे. पूर्वीं क्वचित् येणारा कडक उन्हाळा आतां नित्याचा झाला, असा याचा अर्थ. दशांशाच्या व दंडाच्या हिशेबासाठीं तारीख टिपणाऱ्या कारकुनांस, आपण ऋतूंची बखर लिहीत आहों, हें ठाऊक नव्हतें. पण आज पृथ्वीच्या वाढत्या उष्णतेची साक्ष त्यांचींच पानें देत आहेत.