मोटार जोडणे आणि मोटार घडवणे

तयार फाळ बाजारातून आणून नांगराला बसवणे वेगळे आणि लोखंड तापवून फाळ घडवणे वेगळे. आपल्या जमिनीला कसा फाळ हवा हे ओळखून तो नव्याने योजणे, ही तर तिसरीच गोष्ट. आपल्या देशातल्या मोटारधंद्याच्याही याच तीन पायऱ्या आहेत. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कारखान्याची हकीगत पाहिली, म्हणजे हे तुमच्या ध्यानात येईल.

१९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे नुसते जुळवले जायचे. कारखाना मुंबईत, पण विद्या अमेरिकेत! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना मोटार घडवणारा देशी कारखाना हवा होता. जहाजांच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांशी टक्कर दिलेला हा माणूस. सरकारची साथ मिळेना, तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पण ही पहिलीच पायरी बरं का! नकाशे परक्यांचे आणि बरेचसे भागही परक्यांचेच.

पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ साली वालचंद वारले. त्याच सुमारास सरकारने ठरवले, की जो मोटारीचे भाग इथेच बनवील, त्यानेच हा धंदा करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र टिकली. १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात होऊ लागली आणि तिचे एकेक भाग इथेच बनू लागले. त्या निमित्ताने सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. दुसरी पायरी आपण चढलो, ती अशी.

तिसरीपाशी मात्र गाडी अडली. १९६४ साली आलेले फियाटचे नवे रूप इटलीत १९६६ साली बंद झाले. आपल्याकडे तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघाली आणि २००० सालाच्या सुमारापर्यंत चालली. असे का झाले? किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. परदेशी गाड्यांना दार बंद. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत बसे. मग नवी गाडी योजण्याची निकड कोणाला वाटणार? १९८३ साली जपानच्या सुझुकीच्या साहाय्याने मारुती आली, आणि पद्मिनीचे वय एकदम उघडे पडले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या.

तेव्हा परक्यांकडून शिकण्यात कमीपणा नाही. शिक्षक बंधुभगिनींना हे सांगायला नकोच. कित्ता गिरवल्यावाचून अक्षर वळत नाही. पण कित्ता केव्हा मिटायचा, हेही मुलाला सांगावे लागते. कुर्ल्याच्या कारागिरांचा हात तयार झाला होता. त्या हातांना नवे काम सांगणे राहून गेले.