तेलाचा भडका आणि खानदेशची केळी

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेले खनिज तेल जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या पुढे गेले. युद्ध दूरचे, झळ खानदेशालाही. धुळे मुंबई-आग्रा महामार्गावरचे शहर, तर जळगावच्या रावेर-यावलची केळी उत्तर हिंदुस्थानात जाणारी. पूर्वी मुख्यतः रेल्वेच्या वाघिणींतून, पुढे मालमोटारींतूनही. साहजिकच डिझेल महागले की भाडे चढते. कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवता येतो, कापलेला घड थांबत नाही. मग व्यापारी भाडे वजा करूनच भाव सांगतो. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला फळ महाग, पिकविणाऱ्याला मात्र पैसा कमीच! ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील दरनियंत्रण उठले. २०२० मध्ये जगात तेल गडगडले, तेव्हा सरकारने अबकारी कर वाढविला. ती स्वस्ताई बांधापर्यंत पोहोचलीच नाही.