व्याख्यान संपल्यानंतर

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळा-महाविद्यालयांतून पाहुण्या वक्त्यांचा शोध सुरू होतो. वक्ते येतात, शाल-श्रीफळ होते, तासभर भाषण होते. मुले टाळ्या वाजवतात. आभारप्रदर्शन झाले की पाहुणे मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेतात आणि मुले घरी जातात. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारावे, "काल काय ऐकलेत?" तर उत्तर येते, "छान बोलले, सर." यापुढे गाडी सरकत नाही.

मग आपल्यालाच प्रश्न पडतो की या खटाटोपाचा काही उपयोग होतो का? एका तासाच्या भाषणाने एखाद्या मुलाच्या आयुष्यात काही फरक पडू शकतो का? विज्ञानाच्या इतिहासात या प्रश्नाला उत्तर देणारी एक हकिगत आहे. ती आपल्याच देशातल्या एका कॉलेजात घडली. तिच्यात व्याख्यान आहेच, परंतु खरी गोष्ट सुरू होते ती व्याख्यान संपल्यानंतर.

मद्रासचा विद्यार्थी

१९२८ साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, प्रेसिडेन्सी कॉलेजात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा मुलगा भौतिकीच्या ऑनर्स वर्गात शिकत होता. त्याचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोरला झाला. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. ज्या शोधाची आठवण म्हणून आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तो शोध काकांनी कलकत्त्याला लावला तो त्याच वर्षी. पुतण्याने त्या वर्षीची उन्हाळ्याची सुटी काकांच्या प्रयोगशाळेत घालवली.

अशा घरातल्या मुलाला प्रेरणेची काय वाण, असे कोणी म्हणेल. परंतु चंद्रशेखरचा ओढा प्रयोगापेक्षा गणिती भौतिकीकडे होता आणि ती तो बहुतांशी स्वतःच पुस्तकांतून शिकत होता. आर्नोल्ड सोमरफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाचा अणुरचना आणि वर्णपटरेषा यांवरचा ग्रंथ त्या काळी या विषयातला प्रमाणग्रंथ मानला जाई. त्याच्या इंग्रजी भाषांतराचा चंद्रशेखरने कसून अभ्यास केला होता.

आणि १९२८ च्या उत्तरार्धात खुद्द सोमरफेल्ड भारताच्या दौऱ्यावर आले. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे व्याख्यान ठरले. सोमरफेल्ड तेव्हा साठीला टेकले होते. म्युनिकला त्यांच्या हाताखाली पीटर डेबाय, वोल्फगांग पाउली, वेर्नर हायझेनबर्ग आणि हान्स बेटे असे विद्यार्थी घडले. हे चौघेही पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. स्वतः सोमरफेल्ड यांना मात्र ते कधी मिळाले नाही. शिक्षकाच्या वाट्याला पुष्कळदा असेच येते!

हॉटेलातील भेट

व्याख्यान झाले. इतर विद्यार्थ्यांप्रमाणे चंद्रशेखरनेही ते ऐकले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो सोमरफेल्ड उतरले होते त्या हॉटेलात जाऊन त्यांना भेटला. आपण भौतिकीचे विद्यार्थी आहोत आणि आपण तुमचा ग्रंथ वाचला आहे, असे त्याने सांगितले.

आपल्या ग्रंथाचे असे वाचन झालेले ऐकून कोणताही लेखक सुखावेल. पाठ थोपटावी, स्वाक्षरी द्यावी आणि निरोप द्यावा, हा सोपा मार्ग होता. सोमरफेल्ड यांनी तो पत्करला नाही. ते पुस्तक लिहून झाल्यानंतर भौतिकी पार बदलून गेली आहे, असे त्यांनी या मुलाला सरळ सांगितले. १९२५ ते १९२७ या दोन-तीन वर्षांत हायझेनबर्ग, श्रोडिंगर, डिरॅक, पाउली या मंडळींनी नवी पुंजयामिकी उभी केली होती आणि जुन्या अणुसिद्धांताची जागा तिने घेतली होती. मग आपण शिकलेल्या सांख्यिकीचे काय, असा प्रश्न निघाला. वायूतील असंख्य कणांमध्ये ऊर्जा कशी वाटली जाते हे सांगणारे हे शास्त्र. तेही इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत बदलले असल्याचे सोमरफेल्ड यांनी सांगितले.

कल्पना करून पाहा. महिनोन्‌महिने खपून जे आत्मसात केले ते कालबाह्य आहे, आणि हे सांगतो आहे तो त्या ग्रंथाचा कर्ताच! एखादा मुलगा खचून परतला असता. परंतु सोमरफेल्ड यांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. धातूंमधील इलेक्ट्रॉनांना नवी सांख्यिकी लावून त्यांनी जो शोधनिबंध लिहिला होता, त्याची मुद्रिते त्यांनी चंद्रशेखरच्या हाती दिली. पुढे चंद्रशेखर यांनी आपल्या वैज्ञानिक जडणघडणीत या भेटीला फार मोठे स्थान दिले.

दोघांचा बाक

त्या कागदांत काय होते? वर्गात समजावून सांगायचे तर आपल्या शाळेतल्या बाकांचे उदाहरण घेता येईल. जुन्या सांख्यिकीप्रमाणे एकाच बाकावर कितीही मुलांनी दाटी करावी, कोणाचीच हरकत नाही. नव्या सांख्यिकीत, जिला फर्मी-डिरॅक सांख्यिकी म्हणतात, शिस्त कडक आहे. एका बाकावर दोघेच. इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक ऊर्जापातळीवर जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन मावतात. पुढचे बाक भरले की उरलेल्यांना मागच्या, म्हणजे अधिक ऊर्जेच्या बाकांवर जावेच लागते.

याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. पदार्थ कितीही थंड केला तरी सगळे इलेक्ट्रॉन स्वस्थ बसू शकत नाहीत, कारण खालच्या जागा भरलेल्या असतात. बरेच इलेक्ट्रॉन वेगाने धावतच राहतात आणि त्यामुळे दाब निर्माण होतो. पदार्थ जितका दाबावा तितका हा दाब वाढत जातो. त्याचा उष्णतेशी संबंध नसतो.

चंद्रशेखरने हे नुसते वाचून ठेवले नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात त्या कॉम्प्टन परिणामाचा त्याने आधी अभ्यास केलेला होता. त्याला नवी सांख्यिकी लावून त्याने एक शोधनिबंध लिहिला. तो त्याने केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्याकडे पाठवला, कारण तेही नव्या सांख्यिकीवर काम करीत असल्याचे त्याच्या वाचनात आले होते. फाउलर यांच्यामार्फत १९२९ साली तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लेखकाचे वय १८ वर्षे होते.

दुसरा पाहुणा

१९२९ च्या ऑक्टोबरात मद्रासला आणखी एक पाहुणा आला. तो होता वेर्नर हायझेनबर्ग. ज्या नव्या भौतिकीची वार्ता सोमरफेल्ड यांनी आणली होती, तिच्या जनकांपैकी एक आणि सोमरफेल्ड यांचाच विद्यार्थी. वय अवघे २७. त्याची सरबराई करण्याची जबाबदारी चंद्रशेखरकडे आली. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने मोटारीतून फिरताना त्याला हायझेनबर्गशी मनसोक्त बोलता आले, आपल्या कामाची चर्चा करता आली. वर्षभरापूर्वी हॉटेलात नवखेपणाने गेलेला मुलगा आता आपल्या विषयातल्या अग्रणीशी त्याच विषयावर बोलत होता. दोन भेटींमध्ये गेलेल्या वर्षाची ही कमाई होती. पहिल्या भेटीनंतर त्याने काम केले नसते, तर दुसऱ्या भेटीत विचारायला त्याच्याजवळ काही नसते.

मुंबईहून निघालेली बोट

१९३० साली चंद्रशेखर पदवीधर झाला. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून तो फाउलर यांच्याकडे केंब्रिजला जायला निघाला. ३१ जुलै १९३० रोजी 'पिल्स्ना' नावाच्या बोटीने त्याने मुंबई सोडली. वय अजून वीस पूर्ण नव्हते.

बोटीवर विचार करायला त्याच्याजवळ एक प्रश्न होता. आकाशात श्वेतबटू नावाचे तारे आहेत. आकाराने पृथ्वीएवढे, पण वस्तुमानाने सूर्याच्या तोडीचे. त्यांच्या चमचाभर द्रव्याचे वजन काही टन भरेल. इंधन संपलेला असा तारा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कोसळत का नाही? फाउलर यांनी १९२६ साली याचे उत्तर दिले होते. दाटीने भरलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरून धरतो. म्हणजे आपले बाकच येथे कामी आले. धातूच्या तुकड्याला लागणारा नियम ताऱ्यालाही लागला.

चंद्रशेखरने एक पाऊल पुढे टाकले. तारा जितका जड तितके त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉन मागच्या बाकांवर ढकलले जाणार, म्हणजेच त्यांचा वेग वाढत जाणार. वाढता वाढता तो प्रकाशाच्या वेगाजवळ गेला तर? मग आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत हिशेबात घ्यायला हवा. तो घेतल्यावर असे दिसले की इलेक्ट्रॉनांचा दाब गुरुत्वाकर्षणाला पुरा पडत नाही. एका मर्यादेपेक्षा जड तारा श्वेतबटू म्हणून स्थिर राहूच शकत नाही. १९३१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा ही मर्यादा सूर्याच्या ०.९१ पट निघाली होती. ताऱ्याच्या घटक द्रव्यांविषयीची माहिती सुधारल्यावर ती सुमारे १.४ पट मानली गेली. हीच आजची सुप्रसिद्ध 'चंद्रशेखर मर्यादा'. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांच्याकडे जाणारी वाट तिथूनच फुटते.

तिसरे भाषण

गोष्ट येथे संपली असती तर ती 'थोरांच्या भेटीने जीवन उजळले' अशा ठरावीक वळणाची झाली असती. परंतु या कथेत आणखी एक भाषण आहे.

११ जानेवारी १९३५. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपले संपूर्ण गणित मांडले. त्यांच्यामागून सर आर्थर एडिंग्टन बोलायला उभे राहिले. एडिंग्टन म्हणजे त्या काळातले ताऱ्यांच्या शास्त्राचे सर्वांत मोठे नाव आणि विलक्षण प्रभावी वक्ते. मद्रासला निबंधस्पर्धेत चंद्रशेखर यांना बक्षीस मिळाले होते ते एडिंग्टन यांच्याच ताऱ्यांच्या अंतरंगावरील ग्रंथाचे. केंब्रिजला ते चंद्रशेखर यांच्या खोलीवर येऊन त्यांची आकडेमोड पाहून जात असत. परंतु मनातला विरोध त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता.

त्या दिवशी एडिंग्टन यांनी भर सभेत या निष्कर्षाची खिल्ली उडवली. तारा असा आकसतच जाईल हे त्यांना हास्यास्पद वाटले. ताऱ्याला असे वेड्यासारखे वागू न देणारा एखादा निसर्गनियम असलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सभा हसली. बोर आणि पाउली यांच्यासारख्यांना खासगीत चंद्रशेखर यांचे म्हणणे पटत होते, पण एडिंग्टन यांच्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहायला ते पुढे आले नाहीत.

गणित बरोबर होते, एडिंग्टन चूक होते. हे सर्वमान्य व्हायला बरीच वर्षे लागली. १९३७ साली चंद्रशेखर अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला आणि दुसऱ्या विषयाला हात घातला. पुढे १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शिक्षक म्हणून आपण या तीन पाहुण्यांकडे पाहू या. एडिंग्टन यांच्या भाषणाने सभा जिंकली, पण त्यातून कोणाच्या हाती काही लागले नाही. सोमरफेल्ड यांच्या मद्रासच्या व्याख्यानाची गोष्ट त्यातल्या एखाद्या वाक्यासाठी कोणी सांगत नाही. सांगितली जाते ती हॉटेलातली भेट. त्यांनी चंद्रशेखरला आपला भक्त केले नाही. माझे पुस्तक जुने झाले, हे घे, यापुढे तू पाहा, असेच जणू त्यांनी सुचवले. स्वतःच्या शब्दापेक्षा मोठे प्रमाण हाती दिलेला विद्यार्थी पुढे एडिंग्टनसारख्याच्या शब्दापुढेही गणितावर उभा राहू शकला. वक्त्याने दिलेली प्रेरणा खरी की नुसती भारावून टाकणारी, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला तरी सापडत नाही.

पुण्याचे सभागृह

२८ डिसेंबर १९९२ रोजी पुण्याच्या 'आयुका' या खगोलभौतिकी केंद्राचे लोकार्पण झाले ते चंद्रशेखर यांच्याच हस्ते. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. १९९५ साली त्यांचे निधन झाले. आयुकाच्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने त्याच सभागृहात होऊ लागली. संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांचा एक परिपाठ होता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, की एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. नारळीकर २०२५ साली गेले, पण ही युक्ती आपण कोणीही वापरू शकतो. सही हवी असेल तर आधी प्रश्न हवा आणि प्रश्न हवा तर आधी अभ्यास हवा.

यंदा आपल्या शाळेत पाहुणे येतील तेव्हा दोन गोष्टी करून पाहाव्यात. आधी आठवडाभर त्यांच्या विषयावरचे काहीतरी मुलांच्या वाचनात येऊ द्यावे. आणि आभारप्रदर्शनानंतर पाहुण्यांना थेट चहाकडे नेऊ नये. चार मुले वही घेऊन त्यांच्याजवळ घुटमळत असतील, तर त्यांना तेथे थांबू द्यावे. चहा थोडा निवला तरी चालेल.