वालधुनीकाठची हिरवी रेषा

शहर कोठे वाढू द्यावे आणि कोणती जमीन मोकळी राखावी, हा निर्णय आजच्या उल्हासनगरालगतच्या विठ्ठलवाडीच्या परिसरात नियोजनकारांच्या हाती येण्यापूर्वीच युद्धाने आणि फाळणीने घेऊन टाकला होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बरॅकींमध्ये सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी नदी या जेमतेम १३ चौरस किलोमीटरांच्या वस्तीतून वाहते. तिच्या काठाचा विचार निवाऱ्याच्या निकडीपुढे मागे पडला, यात नवल नाही.

लंडनभोवतीचा हरित पट्टा आधीच फोफावलेल्या शहराला वेसण घालण्यासाठी १९३८च्या कायद्यापासून राखला गेला. मुंबई महानगर प्रदेशात मात्र प्रादेशिक योजना, म्हणजे अनेक शहरे व गावे मिळून जमिनीचा वापर ठरवणारा आराखडा, १९७३ साली प्रथम मंजूर झाली, तेव्हा उल्हासनगर दाटीने भरलेले होते. १९९९ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या योजनेने प्रदेशाची नागरीकरणक्षम, औद्योगिक, हरित व वन अशी विभागणी केली. परंतु हरित विभाग बव्हंशी उरलेल्या जमिनीचा होता, आणि उरलेली जमीन ही पुढच्या योजनेची शिल्लक मानली जाते, हा या पद्धतीतील मूळ दोष म्हणावा लागेल. जुलै २००५च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. त्यानंतर वर्षभराच्या आसपास, २००६ साली, उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी केवळ त्या एका शहरापुरता कायदा झाला.

बांधकामाचा रेटा एव्हाना रेल्वेमार्गाने बदलापूरकडे सरकला होता, आणि तेथे हरित विभागापेक्षा पूररेषेला अधिक अर्थ आला: साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या लाल रेषेपर्यंत ते निर्बंधांसह करता येते. नकाशावरील रंग शासनाच्या अधिसूचनेने बदलतो, पूररेषेला निदान पाण्याच्या पातळीचा आधार असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल यांना बोलवावे लागले.