सांध्याचे दुखणे आणि गिधाडांचे मरण

बलिप्रतिपदेला विदर्भात गायगोधन असते. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या कारंजा (घाडगे) भागात त्या दिवशी ओवाळली जाणारी गाय पुष्कळदा गवळाऊ जातीची असते. वर्धा जिल्ह्याचे हे खास पशुधन अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ. पेरणीच्या ऐन घाईत असा बैल लंगडू लागला, म्हणजे कास्तकाराचा जीव टांगणीला लागतो. घरातल्या आजीचे गुडघे धरले तरी तीच काळजी. दोघांच्या दुखण्यावर एकच औषध आले, आणि त्याची मोठी किंमत तिसऱ्यानेच मोजली. ती ही हकीकत.

सांधेदुखी माणसाइतकीच जुनी. आपल्या वैद्यांनी तिला आमवात, वातरक्त अशी नावे दिली. घरोघरी निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालत आला. तिकडे इंग्लंडात एडवर्ड स्टोन या पाद्र्याने 1763 साली वाळुंजाच्या सालीने हिवताप उतरतो असे रॉयल सोसायटीला कळविले. त्याच सालीतील सॅलिसिन 1876 मध्ये डॉ. मॅक्लागन यांनी संधिवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले. 1897 साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरिन शुद्ध रूपात तयार केले. पुढे 1960 च्या दशकात इंडोमेथासिन व आयबुप्रोफेन आली, आणि 1970 च्या दशकात डायक्लोफेनॅक.

ही औषधे काम कशी करतात, याचा उलगडा 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी केला. दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनविते. त्यांनी सूज चढते, ठणका लागतो. औषध ती द्रव्ये बनू देत नाही. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह सांभाळतात. म्हणून ठणका थांबला तरी सांध्याची झीज थांबत नाही, आणि गोळ्या मनाने घेत राहिल्यास पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे थकतात.

1990 च्या दशकात डायक्लोफेनॅक स्वस्त झाले आणि भारतात गुरांनाही टोचले जाऊ लागले. बैल उठून चालू लागे, कास्तकार सुखावे. त्याच सुमारास आकाशातली गिधाडे विरळ होऊ लागली. भरतपूरच्या पाणथळीत डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम टिपली. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एकाच्या आसपास येऊन ठेपली. कारण 2004 साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात शोधून काढले. औषध टोचलेले जनावर मेले, की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई; मूत्रपिंडे निकामी होत आणि यूरिक आम्लाचे पांढरे खडे आतड्यांवर, यकृतावर साचत. माणसाच्या सांध्यात साचून जे वातरक्त होते, तेच हे द्रव्य! सांधेदुखीच्या औषधाने पक्ष्यांना पोटातला वातरक्त द्यावा, हा दैवाचा विचित्र न्याय. शंभर मृत जनावरांत एखाद्यातच औषध असले, तरी एवढा संहार घडू शकतो, असा हिशोब तज्ज्ञांनी मांडला.

गिधाडे गेली, तशी गावाबाहेर टाकलेली ढोरे कुजत पडू लागली आणि भटक्या कुत्र्यांचे फावले. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकरिता वापरल्या जात, म्हणून 2015 साली एका कुपीत 3 मिलिलिटरची मर्यादा घातली. 2023 मध्ये केटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झाली. मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना निर्धोक ठरले. पिंजोरला वाढविलेली काही गिधाडे 2024 च्या आरंभी महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणली गेली.

या कथेत दोषी कोण म्हणावे? बैलाला उठवू पाहणारा कास्तकार नव्हे; मुक्या जनावराचे दुखणे थांबविणे हे पुण्यच. चुकले ते एवढेच, की दुखणे थांबले म्हणजे काम संपले असे सर्वांनी मानले. औषध ज्या देहात जाते तिथेच थांबत नाही. यंदा गायगोधनाला गाईच्या कपाळी कुंकू लावताना, बैलाला काय टोचले ते ढोरांच्या डॉक्टरला विचारावे. आणि आजीच्या गोळ्याही एकदा डॉक्टरला दाखवून घ्याव्यात.