नीळकंठशास्त्री गोरे ते पंडिता रमाबाई : मराठी ख्रिस्ती परंपरेतील आत्मिक मार्गदर्शनाचे स्वरूप

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील दतिया दरवाजा, आजच्या बोलण्यातला दतिया गेट, दतिया संस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडतो. १७२९ मध्ये पहिल्या बाजीरावाने छत्रसालास केलेल्या साहाय्यातून बुंदेलखंडाचा एक हिस्सा मराठ्यांकडे आला. पुढे १७४२ पासून नारोशंकराने झाशीचा किल्ला वाढविला आणि शहराच्या वसाहतीस चालना दिली. कारकून, शास्त्री, भिक्षुक आणि शिलेदार अशा मराठी घराण्यांचे एक जग या प्रदेशात उभे राहिले. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे (१९०७) मराठी वाचकास हे जग परिचित झाले, परंतु ते प्रामुख्याने १८५८ च्या वेढ्याचे आणि विध्वंसाचे जग म्हणून. याच बुंदेली मराठी जगातून एक निराळा, अंतर्मनाचा प्रवासही सुरू झाला होता. प्रस्तुत निबंधात त्या प्रवासाच्या आधारे एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : मराठी ख्रिस्ती जीवनात आत्मिक मार्गदर्शकाचे मोल नेमके कशात होते?

नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीच्या परिसरातील काशीपुरा या गावी, एका चित्पावन कुटुंबात झाला. घराण्याचा संबंध बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी होता. हे नवाब म्हणजे बाजीराव व मस्तानी यांचेच वंशज. नीळकंठांचे शिक्षण मात्र काशीत, पारंपरिक शास्त्राध्ययनाच्या वातावरणात झाले. जॉन म्यूर याने ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथातून हिंदू मतांवर घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडेही ते प्रथम गेले ते खंडनासाठीच. वाद करण्यासाठी गेलेला तरुण हळूहळू संवादासाठी जाऊ लागला, आणि काही वर्षांच्या या संवादानंतर १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन तो नेहेम्या गोरे झाला. स्मिथ यांनी १८५० मध्ये ‘द्विज’ या शीर्षकाने या मतांतराची हकीकत प्रसिद्ध केली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मतांतराने गोऱ्यांचे चित्त निःशंक झाले नाही. १८५४ मध्ये महाराजा दलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथे भेटलेल्या गोऱ्यांची जी आठवण मॅक्स म्यूलर यांनी पुढे नोंदविली, तीत लंडनचे ऐहिक जीवन पाहून व्यथित झालेला आणि हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मायदेशी परतावे असे म्हणणारा एक अस्वस्थ ब्राह्मण दिसतो. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथात भारतीय दर्शनांची कठोर चिकित्सा करणारा हा पंडित स्वतःच्या श्रद्धेचीही तितकीच कठोर उलटतपासणी आयुष्यभर करीत राहिला. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लिकन संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून राहिले. मात्र गार्डनर यांनी १९०० मध्ये लिहिलेल्या चरित्रातही शंकांनी ग्रासलेला हाच साधक वारंवार भेटतो. अशा माणसाने दुसऱ्यास मार्ग दाखवावा, हा वरकरणी विरोधाभास वाटतो. तो तसा आहे काय, याचा निर्णय रमाबाईंच्या उदाहरणावरून करता येईल.

तत्पूर्वी परंपरेचे भान ठेवणे आवश्यक आहे. ख्रिस्ती जीवनात आत्मिक मार्गदर्शनाची प्रथा चौथ्या शतकातील इजिप्तच्या अरण्यवासी साधकांइतकी जुनी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी तिला साधनाक्रमाचे रूप दिले, तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड चळवळीने तिचे पुनरुज्जीवन केले. या पुनरुज्जीवनात पत्राला विशेष स्थान होते. मराठी भूमीवर या प्रथेची गाठ पडली ती गुरुपरंपरेशी. फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) श्रोत्यांच्या जिज्ञासेला पाद्रीगुरू उत्तर देतो. ओवी आणि पुराण यांबरोबरच गुरुशिष्यसंवादाची चौकटही या ग्रंथाने आपलीशी केली. म्हणजेच एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती माणूस मार्गदर्शकाकडे वळला तेव्हा ‘गुरू’ ही संकल्पना तिच्या सर्व अर्थच्छटांसह त्याच्या मनात आधीच वसलेली होती.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या आश्रयाने. या संघाच्या पुण्यातील भगिनींशी त्यांचा आधीच परिचय झाला होता. गोरेही त्यांना पुण्यात भेटले होते, परंतु तेव्हा रमाबाईंचा कल ब्राह्म विचारांकडे होता. इंग्लंडमध्ये त्यांच्या शंकांचे निरसन झाले ते गोऱ्यांनी भारतातून पाठविलेल्या लेखनाने. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त मानण्यास प्रमाण काय, या प्रश्नाचा त्यात तर्कशुद्ध ऊहापोह होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. ब्राह्ममतापासून आपले मन गोऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणासही वळविता आले नसते, अशा आशयाची कृतज्ञता रमाबाईंनी पुढे व्यक्त केली.

येथून तुलनेचा खरा प्रश्न सुरू होतो. वाँटेजमध्ये रमाबाईंची आत्मिक माता म्हणून सिस्टर जेराल्डीन यांची योजना झाली होती. त्यांच्या ममतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ असे संबोधीत. असे असूनही १८८५ च्या सुमारास या नात्यात तीव्र ताण निर्माण झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चच्या अधिकाराची मर्यादा, तसेच रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, अशा प्रश्नांवर मतभेद झाले. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनी मात्र आज्ञेऐवजी युक्तिवादाचा मार्ग योग्य मानला, आणि रमाबाईंनीही त्यांच्याशी मोकळेपणाने चर्चा केली.

गोरे आणि वाँटेजच्या भगिनी यांच्या धर्ममतांत मूलभूत अंतर नव्हते. दोघांचीही निष्ठा चर्चचे प्रामाण्य मानणाऱ्या एकाच अँग्लिकन प्रवाहावर होती. तरीही एकाचे लेखन मनाला भिडले आणि दुसऱ्याचा उपदेश दडपणासारखा वाटला. याची कारणे सिद्धांतात नव्हे, संबंधाच्या घडणीत शोधावी लागतात. गोरे स्वतः त्याच शास्त्रपरंपरेतून, तोच सामाजिक बहिष्कार सोसून आले होते. रमाबाईंच्या शंका त्यांना अपराध वाटत नव्हत्या, कारण त्या त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या. शिवाय पत्र हे माध्यम वाचकास अवधी देते. ते पुन्हा वाचता येते, बाजूस ठेवता येते, नाकारताही येते. निवासी संस्थेतील मार्गदर्शकाच्या सततच्या सान्निध्यात हा अवकाश उरत नाही. अन्नवस्त्र देणारा हात आणि आत्मिक आज्ञा करणारा हात एकच झाला, की शिष्याच्या असहमतीवर कृतघ्नतेचा डाग सहज लागतो.

दूरस्थ गुरूचे हे सामर्थ्य मराठी परंपरेस नवे नाही. तुकारामांस बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला आणि बहिणाबाईंनी तुकारामांस स्वप्नातच गुरू केले. बहिणाबाईंच्या बाबतीत तर समोरच्या सामाजिक सत्तेला शह देणारा आधार या स्वप्नगुरूनेच पुरविला. अर्थात ही तुलना ताणता येणार नाही. स्वप्नातील अनुग्रह प्रश्नांपलीकडचा असतो, गोऱ्यांचे लेखन प्रश्नांना उत्तर देणारे होते. तथापि दोन्हीकडे गुरूची अनुपस्थिती शिष्येच्या स्वातंत्र्यास पोषक ठरली, हे साम्य महत्त्वाचे आहे.

गोऱ्यांचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. चर्चच्या अधिकाराविषयीचे रमाबाईंचे पुढील विचार त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, मुंबईतच नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. लक्ष्मीबाई टिळक पतीपाठोपाठ लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने तो निर्णय घेतल्याचे ‘स्मृतिचित्रे’ सांगतात. मार्ग दाखविणाऱ्याने वाट पाहणे हाही मार्गदर्शनाचाच भाग होय, याचे मराठी गद्यातील इतके घरगुती आणि इतके निर्मळ उदाहरण दुसरे क्वचितच आढळेल. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला, तोही संस्थात्मक अधिकाराऐवजी स्वेच्छेच्या बंधुत्वावर.

आत्मिक मार्गदर्शनाचे मोल मार्गदर्शकाच्या निश्चिततेवर अवलंबून नसते, असे या उदाहरणांवरून म्हणता येते. शिष्याची सदसद्विवेकबुद्धी जागी करून तिच्या निर्णयापुढे स्वतः मागे सरण्याची तयारी, हा त्याचा निकष होय. या निकषावर सिस्टर जेराल्डीन यांनाही सर्वस्वी उणे ठरविता येत नाही. रमाबाईंचा पत्रव्यवहार, त्यातील स्वतःविरुद्धच्या तीक्ष्ण पत्रांसह, जपून संकलित केला तो त्यांनीच. ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या शिष्येस आपण वळवू शकलो नाही तिचा युक्तिवाद तिच्याच शब्दांत पुढील पिढ्यांच्या हाती देणे, हे त्या आजीबाईंचे अखेरचे आणि कदाचित सर्वांत फलदायी मार्गदर्शन ठरले.