बाळंतिणीभोवतीचे गाव

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा लशी, दवाखाने आणि सरकारी योजनांच्या क्रमाने लिहिला जातो. जामखेडचा इतिहास मात्र पहिलटकरणीच्या ताटापासून वाचावा लागतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात आले. गरोदर सून पोटभर जेवली तर मूल मोठे होऊन अडते, या समजुतीने तिला अर्धपोटी ठेवले जाई. यात दुष्टावा नव्हता. जिथे शस्त्रक्रियेची सोय नाही, तिथे अडलेले बाळंतपण म्हणजे मरण. समजूत त्या धास्तीतून आलेली होती. म्हणूनच ती नुसत्या उपदेशाने जाणारी नव्हती.

आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. परक्या तरुण मुलीचे कोण ऐकणार? मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, अनेक दलित. त्या नियमाने जामखेडला येऊन शिकत आणि परतल्यावर शिकलेले गावात सांगत. स्वतः बाळंतपणे सोसलेली बाई सासूशी बोलते, तेव्हा तो सल्ला राहत नाही, अनुभवाची देवाणघेवाण होते. त्यांच्या पाठीशी पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायकांची महिला मंडळे उभी राहिली. सुनेच्या जेवणाचा प्रश्न असा एका चुलीपुरता न राहता गावाचा झाला.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली. गावातलीच बाई आरोग्यसेविका, हे सूत्र तिथेही आहे. पण तिच्याकडून शिक्षणाची अट अपेक्षिली गेली आणि मोबदला कामागणिक ठरला. गावाच्या आरोग्य समित्याही कागदावर आल्या. तरीही जामखेडचे मर्म एकट्या सेविकेत नव्हते. तिने उंबरा ओलांडण्याआधी त्या घरातला पुरुष शेतकरी मंडळात आणि सासू महिला मंडळात तोच विषय बोलून आलेली असे. सेविका नेमता येते; असे गाव मात्र नेमणुकीच्या आदेशाने उभे राहत नाही. त्याला वर्षे द्यावी लागतात, आणि योजनांच्या अंदाजपत्रकात या वर्षांसाठी क्वचितच जागा असते.